कडबाकुट्टी आमच्या घरात नव्हती

माझा उजवा हात गेला, तेव्हा मी कंपनीत कामावर होते. एवढी एक गोष्ट पटवून द्यायला मला चार वर्षं लागली.

हे मी डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतं आणि एक पान लिहायला दुपार जाते. तरी लिहितेय, कारण शिरवळच्या आसपासच्या कारखान्यांत आता आमच्यासारख्या पुष्कळ बाया जातात. त्यातल्या एखादीवर अशी वेळ आलीच, तर माझ्या हातून जे चुकलं ते तिच्या हातून चुकू नये.

मी शालन. नववीपर्यंत शिकलेली. आमचं घर शिरवळपासून चालत अर्ध्या तासावर, गावाबाहेरच्या बौद्धवस्तीत. माझे मालक, यशवंत, गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचे. मुलगी सुजाता तेव्हा पहिलीत होती. आणि माझी नणंद रंजना. आम्ही दोघी नणंद-भावजय एकाच कंपनीत, पॅकिंगला. गाड्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या तिथं बनायच्या. पुरुष मशीनवर, बाया पॅकिंगला, असा कागदावरचा नियम. कोणी ऑपरेटर आला नाही की फोरमन बायांपैकी एकीला मशीनवर बसवायचा. मी आधीही चारपाच वेळा बसले होते.

तो दिवस

त्या दिवशी ऑपरेटर गावच्या जत्रेला गेला होता. सकाळी फोरमन आला नि म्हणाला, "शालन, आजच्या दिवस प्रेसवर बस. ट्रक दारात उभा हाय."

प्रेसचं काम सोपं दिसतं. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं. वरून ठोका बसतो, पट्टी तयार. पण ते मशीन दोन दिवसांपासून डबल मारत होतं. म्हणजे पेडल एकदा दाबलं तरी ठोका दोनदा पडायचा. मी फोरमनला म्हटलं, "साहेब, डबल मारतंय."

"संध्याकाळी फिटर बघंल. तू फकस्त हात लौकर काढ."

जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ राहिला असेल. पहिला ठोका बसला, मी पट्टी उचलायला हात घातला आणि दुसरा ठोका आला.

दुखलं नाही. खरं सांगते, त्या क्षणाला काहीच दुखलं नाही. हात परत येत नाही एवढंच कळलं. मागच्या टेबलावर रंजना पट्ट्या मोजून खोक्यात भरत होती. तिनं पळत जाऊन मेन स्विच पाडला. मग तिनं आणि फिटरनं मिळून मशीनचं मोठं चाक हातानं उलटं फिरवलं, तेव्हा कुठं हात सुटला. रंजनानं तिची ओढणी माझ्या हाताला गुंडाळली. मला म्हणाली, "वहिनी, खाली बघू नगंस. माझ्याकडं बघ. माझ्याकडंच बघ."

कंपनीच्या जीपमधून मला साताऱ्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. रंजनाला जीपमध्ये बसू दिलं नाही. खंबाटकी घाटात कळा सुरू झाल्या. त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं.

जाग आली तेव्हा

दुसऱ्या दिवशी शुद्ध आली. हातावर डोक्याएवढं बँडेज होतं. नर्स सलाईन बदलत होती. अगदी मायेनं ती म्हणाली, "ताई, कडबाकुट्टीत हात घालताना बघायचं तरी. जनावरं थांबली असती की थोडी."

मला वाटलं, ती दुसऱ्या पेशंटशी बोलतेय.

"कुठली कुट्टी?"

"अहो, तुमच्या घरची. कागदावर तसंच आहे."

आमच्याकडं ना गाय, ना म्हैस, ना शेळी. गोठा नाही. चारा कापायची जागाही नाही. घरात विजेचा एक दिवा होता, त्यावर कुट्टी चालली नसती. हे मी सांगायला लागले तेवढ्यात यशवंत आत आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. नर्स गेल्यावर खाटेच्या कडेला बसून ते हळूच म्हणाले, "शालन, गप ऱ्हा. म्या तसं लिवून दिलंय."

फोरमननं त्यांना बांधकामावरून उचलून आणलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्यापुढं लिहिलेला कागद धरला. कंपनीत झालं म्हटलं तर पोलीस येतील, पंचनामा होईल, तोवर डॉक्टर हात लावणार नाहीत, बाई दगावेल. घरी झालं म्हणा, कंपनी सगळा खर्च करेल आणि बरी झाल्यावर कायम करेल. आतून डॉक्टर ऑपरेशनच्या संमतीची सही मागत होते. यशवंतनी दोन्ही कागदांवर सही केली.

"तू मरशील आसं वाटलं गं मला," ते म्हणाले.

मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. नर्सला परत बोलावून तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी डोळे मिटून घेतले. माझी चूक ती हीच.

चौथ्या दिवशी ड्रेसिंग सोडलं. अंगठा होता. बाकी चारही बोटं नव्हती. तळव्याचा अर्धा भागही नव्हता. मी ओरडले नाही. रडायला लागले ते वेगळ्याच गोष्टीनं. नसलेली करंगळी खाजत होती आणि खाजवायला जागा नव्हती. हे पुढं कित्येक महिने चाललं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला अजून कळलेलं नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी घाबरू नये, वेड लागलेलं नसतं.

त्या वॉर्डात झाडलोट करणारी एक मावशी होती. दुपारी काम आटोपलं की माझे केस विंचरून द्यायची, न सांगता. त्या दिवसांतलं दुसरं काही चांगलं मला आठवत नाही.

गेट

अकराव्या दिवशी घरी आले. पुढं ड्रेसिंगला जाणं-येणं आमच्याच पदरचं. कंपनीचं माणूस पुन्हा दिसलं नाही.

अडीच महिन्यांनी जखम भरली. पदरात हात लपवून मी कंपनीत गेले. वॉचमन रोजचा ओळखीचा. त्यानं गेट उघडलं नाही. म्हणाला, "शालनबाई, मला सांगितलंय तसं करतूय. रागावू नगा."

एका तासानं फोरमन बाहेर आला.

"साहेब, बरी झाल्यावर कायम करतो म्हनला हुता."

"कंपनीनं मानुसकीनं दवाखाना केला. आता घरी कुट्टीत हात गेला त्याला कंपनी काय करनार? आन त्या दिवशी तू कामावर कुठं हुतीस? मस्टर बघ. गैरहजर हाय."

मी म्हटलं, "रंजनानं बघितलंय."

तो आत पॅकिंगच्या शेडकडं बघून म्हणाला, "रंजना कामाला हाय आजून. तिला इचार, काय बघितलं ते."

मी घरी येईपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. यशवंतचं काम कधी असायचं, कधी नसायचं. माझी कमाई बंद. घरातली चूल रंजनाच्या पगारावर पेटत होती. माझ्या ड्रेसिंगचं औषध रंजनाच्या पगारातून येत होतं. तिनं साक्ष दिली तर दुसऱ्या दिवशी तीही गेटबाहेर.

तिला मी काही विचारलं नाही. तिनं स्वतःहून काही सांगितलं नाही. एका खोलीत तीन मोठी माणसं राहत होतो. मीठ दे, पाणी दे, याच्यापलीकडं बोलणं उरलं नव्हतं. रंजना माझं जेवण कालवून द्यायची, सुजाताच्या वेण्या घालायची, मला लुगडं नेसवायची. हे सगळं मान खाली घालून. माझ्या हाताकडं ती कधी बघायची नाही. मला तिचा राग यायचा आणि तिनं कालवलेला घास गिळताना त्या रागाची लाज वाटायची.

नीरेवर

हे लिहू की नको, असं पुष्कळ दिवस वाटत होतं. लिहिते.

एका दुपारी धुण्याची पाटी काखेत घेऊन नदीवर गेले. एका हातानं धुणं धुता येतं, पिळता येत नाही. ओलं लुगडं दगडावर ठेवलं आणि पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. नीरेला पाणी चांगलं होतं. मनात काही मोठे विचार नव्हते. आपण नसलो तर घरात एक तोंड कमी होईल आणि रंजनाला मान वर करता येईल, एवढाच हिशोब.

तेवढ्यात वरच्या अंगाला धुणाऱ्या एका म्हातारीनं हाक मारली, "आगं ए बाय! लुगडं चाललं की तुजं!"

बघते तो खरंच चाललेलं. होतं तेवढं एकच धड लुगडं. मी त्याच्यामागं पाण्यात धडपडत गेले आणि अंगठ्यात पदर अडकवून ते ओढून आणलं. काठावर आले तेव्हा थरथर कापत होते. म्हातारीनं ते माझ्या हातातून घेतलं, दगडावर पिळून दिलं. हाताकडं बघून काही विचारलं नाही. "थंडी भरलीया तुला. उनात बस," म्हणाली.

मी उन्हात बसले. किती वेळ ते माहीत नाही. घरी गेल्यावर यशवंतना म्हटलं, "उद्या साताऱ्याला जायचं. वकिलाकडं."

तारखा

वकीलबाई कोर्टाच्या मागच्या गल्लीत बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यशवंतना म्हणाल्या, "तुमच्या सहीचा कागदच त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. दावा लावू. पण तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल, की तुम्ही खोटं लिहून दिलं."

यशवंत म्हणाले, "सांगतो."

सातारच्या कामगार कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लागला. मग तारखा. कंपनीचा वकील आला नाही, तारीख. न्यायाधीश साहेब रजेवर, तारीख. दर तारखेला पहाटे उठून एसटी पकडायची, दिवसभर बाकावर बसायचं आणि परत यायचं. यशवंतचा खाडा पडायचा. तलाठ्याकडून दाखला आणला की या घरात जनावर नाही, गोठा नाही. तेव्हा कंपनीचा वकील म्हणाला, मग शेजाऱ्याच्या कुट्टीत गेला असेल. मी त्या दिवशी कोर्टात हसले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. वकीलबाईंनी माझा पदर ओढला.

फिटर नोकरी सोडून मुंबईकडं गेला होता, त्याचा पत्ता कोणाला माहीत नव्हता. वकीलबाईंनी एकदाच रंजनाचं नाव काढलं. मी म्हटलं, "बाई, तिला राहू दे." त्यांनी वहीत खूण केली.

दोन वर्षं अशी गेली. शेवटी कोर्टानं दवाखान्याचे कागद मागवले. वरच्या पानावर तीच कडबाकुट्टी. मी ते बघून उठायला लागले. वकीलबाई म्हणाल्या, "बसा हो जरा." त्यांनी पुढची पानं उलटली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की बोटं कापलेली नाहीत, चिरडलेली आहेत. जखमेत काळं ग्रीस आणि पत्र्याचे बारीक कण सापडले. चाऱ्याचा एकही तुकडा नाही.

"कुट्टीत ग्रीस आणि पत्रा कुठून आला?" वकीलबाई म्हणाल्या. "पण हे लिहिणारा डॉक्टर कोर्टात यायला हवा."

ते डॉक्टर साताऱ्यातला दवाखाना सोडून सांगलीला गेले होते.

सांगली

मी आणि यशवंत एसटीनं सांगलीला गेलो. कराडला गाडी बदलली. सांगलीत कोणाची ओळख नाही. चार दवाखाने पालथे घातल्यावर पाचव्यात ते सापडले. वयानं माझ्याच एवढे असतील. बाहेर पेशंटची रांग होती, आम्ही शेवटी बसलो.

ते म्हणाले, "बाई, मी रोज ऑपरेशनं करतो. मला आठवत नाही."

मी पदर बाजूला करून हात त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, अंगठा हलवून बघितला. मग म्हणाले, "अंगठा वाचवायला मला तीन तास लागले होते. आठवलं." हात अलगद टेबलावर ठेवून म्हणाले, "ग्रीस बघितल्यावर मला शंका आली होती. मी विचारलं नाही. तिथं नवीन होतो."

यशवंत पटकन बोलले, "डाक्टर, तुमी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. आता दोघं मिळून सांगूया."

त्यांनी येतो म्हटलं. पहिल्या तारखेला ते आले नाहीत. दुसऱ्या तारखेलाही नाही. मी यशवंतना म्हटलं, आता पुरे, आता कोर्टाची पायरी नको. तिसऱ्या तारखेला जेवणाच्या सुट्टीनंतर दार ढकलून ते आत आले. सांगलीहून स्वतः गाडी चालवत. सकाळी एक ऑपरेशन करून आले होते. सरळ पिंजऱ्यात गेले आणि जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं.

त्याच दिवशी यशवंतची उलटतपासणी झाली. कंपनीच्या वकिलानं तो कागद त्यांच्यापुढं नाचवला.

"ही सही तुमचीच?"

"व्हय."

"म्हणजे तेव्हा खोटं लिहून दिलं, का आज खोटं बोलताय?"

"तवा खोटं लिवलं, साहेब. बायकू मरंल म्हनून लिवलं."

"खोटं बोलणाऱ्या माणसावर कोर्टानं विश्वास का ठेवावा?"

यशवंतनी कठड्याला धरलं. "माज्यावर ठेवू नगा. तिच्या हातावर ठेवा. त्यो तर खोटं बोलत न्हाई."

माझ्या नवऱ्यानं अडीच वर्षांत एवढं मोठं वाक्य उच्चारलं नव्हतं. बाहेर आल्यावर ते पिंपळाखाली बसून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उजवाच ठेवला.

निकाल आणि नंतर

आणखी वर्ष-दीड वर्षानं निकाल आमच्या बाजूनं लागला. मस्टरवर खाडाखोड आहे, जखम मशीनची आहे, घरी कुट्टी असल्याचा काही पुरावा नाही, असं साहेबांनी लिहिलं. कंपनी वर अपिलात गेली. रक्कम कोर्टात भरून घेतली गेली आणि काही भाग आम्हाला मिळाला. बाकीचं मी हे लिहीपर्यंत मिळालेलं नाही. मिळेलही कदाचित. हातात काही धरता येत नाही ते नाहीच.

निकालानंतर तिसऱ्या आठवड्यात रंजनाला कामावरून काढलं. कारण दिलं नाही. ती भर दुपारी घरी आली आणि उंबऱ्यावर बसली. मी पाणी दिलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या हाताकडं नीट बघितलं.

"वहिनी, मी तोंड शिवून बसले, तरी काढलंच की."

"तुझ्या पगारावर आमी जगलो, रंजना."

"म्हनून तर बसले. पर मला झोप न्हवती गं."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. सुजाता शाळेतून येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.

त्याच वर्षी त्याच प्रेसवर खंडाळ्याकडच्या एका पोरीची दोन बोटं गेली होती. तिच्या कागदावर लिहिलं होतं, दारात बोटं चेमटली. तिची केस आमच्याच वकीलबाईंकडं आली. रंजना तेव्हा कामावरच होती, तिनं ते बघितलं होतं. तिला कोणी विचारायच्या आधी ती स्वतः साताऱ्याला जाऊन वकीलबाईंना म्हणाली, "माझं नाव लिवा."

तिच्या साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. शिपायानं पुकारा केला. रंजना पिंजऱ्यात गेली, शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारलं, "या मुलीच्या हाताला काय झालं ते तुम्ही पाहिलं का?"

"पाहिलं," रंजना म्हणाली. मग साहेबांकडं वळली. "साहेब, हिच्या आधी त्याच मशीनवर माझ्या वहिनीचा हात गेला. म्या चाक फिरवून काढला. तवा मला सांगायचं हुतं, न्हाई सांगितलं. आधी ते लिवून घ्या, मग हिचं सांगते."